छावणीतला कोशकार : जेम्स थॉमस मोल्सवर्थ

मराठी ग्रंथसंग्रहात ज्या ग्रंथावाचून कपाट अपुरे वाटावे, असा एक ग्रंथ म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याचा कर्ता पंडित नव्हता, प्राध्यापक नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील पायदळाचा तो एक अधिकारी होता.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षीच ते फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, दक्षिणेत शांतता नांदू लागली आणि पलटणींचे जीवन छावणीच्या चाकोरीत स्थिरावले. पहाटेची कवायत, पहारे, हजेरी एवढे आटोपले की अधिकाऱ्यांपुढे रिकामा दिवस उभा राही. अनेकांनी तो शिकारीत आणि पत्त्यांत घालविला. देशी भाषांची परीक्षा उतरणाऱ्यास पलटणीत दुभाषाची जागा मिळत असे. त्या निमित्ताने अनेक जण भाषा शिकत व परीक्षेबरोबर ती विसरत. मोल्सवर्थ मात्र विसरले नाहीत. सोलापूरच्या छावणीत असताना त्यांनी मराठी शब्द टिपण्यास आरंभ केला, आणि त्या टिपणांतूनच कोशाची कल्पना आकारास आली.

१८२५ मध्ये मुंबई सरकारने हे कार्य त्यांच्यावर सोपविले. थॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी त्यांच्या साहाय्यास होती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती पंडितांचा मराठी कोश १८२९ मध्ये सिद्ध झाला. मोल्सवर्थांचा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते.

संस्कृत शब्द तेवढे प्रतिष्ठित, हा त्या काळचा पंडिती समज. मोल्सवर्थांनी तो प्रमाण मानला नाही. शेतकरी, कारागीर, बाजारकरी, कोकणातला रहिवासी यांच्या तोंडचे शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार त्यांनी संस्कृत शब्दांच्याच पंक्तीस बसविले. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदी याचीही खूण केली. आज व्यवहारातून लोपलेले कित्येक शब्द आपल्याला भेटतात ते या निवडीमुळेच.

श्रमांचे मोल शरीराने दिले. इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती असतानाच प्रकृती ढासळली आणि १८३६ मध्ये त्यांना स्वदेशी परतावे लागले. तो कोश पुढे थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. मोल्सवर्थ अत्यंत धर्मनिष्ठ होते. शस्त्राचा पेशा आणि ख्रिस्ताची शिकवण यांचा मेळ त्यांच्या विवेकास बसेना, म्हणून त्यांनी लष्करी चाकरी सोडली. ज्या चाकरीने त्यांना मराठी दिली तिचाच त्याग केला. मराठीचा मात्र केला नाही.

१८५१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ते कोशाच्या सुधारणेसाठी पुन्हा येथे आले. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. शब्दसंख्या ६०,००० वर गेली होती, आणि डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेवरील निबंध तिला जोडलेला होता. उत्तर हिंदुस्थान बंडाने पेटला, त्याच वर्षी या माजी सैनिकाच्या हातून मराठीचे हे भांडार पूर्णत्वास गेले.

१८७१ मध्ये इंग्लंडात त्यांचे निधन झाले. लोकांनी त्यांना प्रेमाने मोलेश्वरशास्त्री म्हटले. त्यांच्या पलटणीच्या कवायती केव्हाच विस्मृतीत गेल्या. छावणीतल्या रिकाम्या दुपारी वेचलेले शब्द मात्र मराठी वाचकाच्या हाताशी अजून आहेत.