डहाणूचे खडक आणि कालवांची पिल्ले : कोण होते कार्ल मोबियस?

वाढवण बंदराच्या वादात डहाणूच्या खडकाळ किनाऱ्याचा उल्लेख वारंवार होतो. हा खडक का महत्त्वाचा, याचे उत्तर दीड शतकापूर्वीच्या एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या कामात सापडते.

शिक्षक ते संशोधक
कार्ल मोबियस यांचा जन्म १८२५चा. हॅम्बर्गमध्ये शाळेत शिकवताना ते समुद्री जीवांकडे वळले. १८६८मध्ये ते कील येथे प्राध्यापक झाले. जर्मन किनाऱ्यावर कालवांची शेती वाढवता येईल का, हे तपासण्याचे काम प्रशिया सरकारने त्यांच्यावर सोपवले.

काय आढळले?
कालवांची लाखो पिल्ले आधी पाण्यात तरंगतात, मग खडक किंवा जुन्या शिंपल्याला कायमची चिकटतात. चिखलात पडलेली जगत नाहीत. बेसुमार उपसा झाला, की कालवांची जागा दुसरे जीव घेतात. एका जागेचे सारे जीव परस्परांशी बांधलेले असतात, हे त्यांनी १८७७मध्ये मांडले आणि त्याला ‘बायोसिनोसिस’ म्हणजे जीवसमुदाय असे नाव दिले. १९०८मध्ये बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे काय?
डहाणूपासून तलासरीतल्या झाईपर्यंत नियम तोच. खडकावर भराव पडला किंवा गाळाचा थर बसला, तर पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही.