चित्रमहर्षी कै. दादासाहेब फाळके आणि पुन्हा पाहण्याचा अभ्यास

पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या वारकऱ्यांना कुशावर्त ठाऊक आहे, ब्रह्मगिरी ठाऊक आहे, आणि समाधीपुढे माथा तर ते ठेवतातच. परंतु हिंदुस्थानातील चित्रपटविद्येचा आद्य पुरुष याच गावात जन्मास आला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. देह ठेवला १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिकात. म्हणजे आरंभ गोदावरीच्या उगमाशी आणि शेवट तिच्याच काठी.

आता कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात सिनेमावाल्याचे चरित्र कशाला? त्याला आमचे उत्तर असे. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकायला जे श्रोते बसतात, त्यांना शेवट ठाऊक नसतो काय? राजा राज्य देणार, तारामती विकली जाणार, रोहिदासाला सर्प डसणार, सगळे पाठ असते. तरी स्मशानाचा प्रसंग आला की पदर डोळ्यांना लागतात, आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी तेच आख्यान ऐकायला पुन्हा हजर! ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा का हवीशी वाटते, आणि पुन्हा ऐकून-पाहून माणसाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आम्हा कीर्तनकारांचा रोजचा आहे. दादासाहेबांचे सारे आयुष्य त्याच प्रश्नाभोवती फिरले. म्हणून हा प्रपंच.

वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरी पूजाअर्चा, पुराणे, औषधी. मुलाची बोटे मात्र चित्रांकडे वळणारी. दाजीशास्त्र्यांना मुंबईस संस्कृत शिकविण्याची नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे गेले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात रंगकाम, छायाचित्रण असे जे मिळेल ते शिकले. जादूचे प्रयोगही शिकले, बरं का! गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा मांडला, तो प्लेगने मोडला. प्रथम पत्नी व मूल त्या काळातच गेले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे काम आहे. नंतर पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्यास छापखाना, राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या चित्रांची छपाई, १९०९ साली जर्मनीस जाऊन रंगीत छपाईचे शिक्षण, आणि शेवटी भागीदारांशी बिनसून तोही धंदा सुटला. चाळिशी आली, हाती काही नाही. अशा माणसाला लोक काय म्हणतात ते सांगायला नको.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचे मूकचित्र पाहिले. पडद्यावर ख्रिस्ताची कथा चालली होती आणि यांच्या मनात गोकुळ आणि अयोध्या उभी राहात होती. खेळ संपला. लोक उठले. दादासाहेबांनी मात्र दुसरे तिकीट काढले आणि तोच खेळ पुन्हा पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपली हकिगत लिहिली, तीत ही गोष्ट स्वतःच सांगितली आहे.

आमच्या मते हिंदुस्थानातील चित्रपट त्या दुसऱ्या तिकिटातून जन्मला. पहिल्या तिकिटाने डोळे दिपले, दुसऱ्याने बुद्धी जागी झाली. पहिल्या वेळी आपण गोष्टीच्या मागे धावत असतो; पुढे काय, पुढे काय, हाच ध्यास. दुसऱ्या वेळी ती धाव थांबते, कारण पुढचे ठाऊक असते. तेव्हा कोठे मनुष्य पाहू लागतो. पाठशाळेत गुरुजी संथा देतात तेव्हा प्रथम नुसता शब्द जिभेवर बसतो. आवृत्त्या होऊ लागल्या की एखाद्या सकाळी तोच शब्द आपला अर्थ उघडतो. श्रवणापुढे मनन आणि मननापुढे निदिध्यासन सांगितले आहे ते याचसाठी. दादासाहेबांनी तीच पायरी पडद्यासमोर चढली.

निदिध्यासन म्हणावे असेच त्यांचे पुढचे दिवस गेले. दोन-तीन महिने मुंबईत जेथे जेथे चित्रे दाखवीत, तेथे ते जात. घरी येऊन रात्री त्यावर विचार, यंत्राच्या उलटापालटी, झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचाराने आणि तीन-चार चष्मे आलटून पालटून लावून दृष्टी परत मिळाली. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुन्हा पुन्हा पाहणे आणि पाहण्याचे व्यसन यांत फरक आहे. व्यसनी मनुष्य शंभरदा पाहतो तरी शंभरही वेळा पहिल्यांदाच पाहतो. तोच आवेग, तेच अश्रू, आणि घरी आल्यावर सगळे कोरडे. अभ्यासी मनुष्य प्रत्येक वेळी काही नवे घेऊन उठतो. दादासाहेबांनी शरीराची हेळसांड केली हे खरे, पण उठले ते विद्या घेऊन.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले. लंडनच्या ‘बायोस्कोप’ पत्राच्या संपादकाने साह्य केले, हेपवर्थ नामक निर्मात्याचा कारखाना पाहावयास मिळाला. कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन एप्रिलात ते परत आले. आणि आल्यावर पहिले चित्र कोणाचे घेतले? रामाचे नव्हे, कृष्णाचे नव्हे. एका कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याचे! रोज थोडेथोडे चित्र घ्यायचे, असे बरेच दिवस. मग पडद्यावर अंकुर फुटतो, वर येतो, वेल होतो, हे सारे मिनिटाभरात. वाटाणा वाढताना कोणाला दिसला आहे? एकदा पाहून तो वाढत नाही. जो रोज त्याच कुंडीपाशी जाऊन बसतो, त्यालाच वाढ दिसते. सावकार याच चित्राने वश झाले. तरीही भांडवल पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने मोडले.

पहिल्या मोठ्या चित्रासाठी त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निवडला. सगळ्यांना पाठ असलेलीच कथा घेतली, हे ध्यानात घ्यावे. त्या काळी चित्र मुके. हिंदी आणि इंग्रजी अक्षरांच्या पाट्या मध्ये मध्ये येत, आणि प्रेक्षकांत वाचता येणारे थोडे. पण हरिश्चंद्र कळायला अक्षर लागत नाही. तारामतीच्या कामाला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. दाबके हरिश्चंद्र झाले, आणि रोहिदास म्हणून दादासाहेबांनी आपलाच मुलगा भालचंद्र उभा केला. सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडीत, आणि रात्री अंधारात बसून फितीला छिद्रे पाडीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात हे ३७०० फुटांचे चित्र लागले आणि लोक लोटले.

राजकोटच्या एका मुलाने लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले होते. ते त्याला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटे. पाहता येईना तेव्हा तो मनातल्या मनात ते घडवीत असे आणि रडत असे. सगळ्यांनीच हरिश्चंद्रासारखे खरे का वागू नये, हा प्रश्न त्या मुलाला छळू लागला. ते पुढे महात्मा गांधी झाले, आणि आपल्या आत्मकथेत त्यांनी हे नोंदविले आहे. करमणूक तेथेच संपते जेथे पडदा पडतो. संस्कार तेथून सुरू होतो.

त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास आणला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकींनी काम केले, पडद्यावर स्त्रिया आल्या त्या प्रथम तेव्हा. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ निघाले. त्यात रामही अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच! तरी राम पडद्यावर येताच लोक पायांतील जोडे काढीत, असे जुने लोक सांगत आले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फक्त राम आणि सीता दिसत. पुन्हा पाहणाऱ्याला समजे की दोन्ही वेषांत एकच मनुष्य आहे. आणि गंमत अशी की हे समजल्याने भाव उणा होत नसे. भारुडात सोंग आणणारा आपल्या शेजारचाच असतो, हे का आपणास ठाऊक नसते?

१९१८ साली नाशिकात भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ झाले, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ झाले. दोहोंत श्रीकृष्ण म्हणजे दादासाहेबांची सहा-सात वर्षांची कन्या मंदाकिनी. ‘कालियामर्दना’च्या आरंभी त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली आहे. प्रथम ही मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखविते; हसणे, रुसणे, राग. मग पाहता पाहता तिच्याच जागी मोरमुकुटधारी कृष्ण उभा राहतो. म्हणजे हे सोंग आहे, असे निर्मात्याने आधीच सांगून टाकले. आणि तरीही पुढे डोहाच्या तळाशी बाळकृष्ण कालियाशी झुंजतो, काठावर गोकुळ व्याकुळ होते, तेव्हा पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. पहिल्या खेपेस लोक नागाकडे पाहतात. दुसऱ्या खेपेस काठावरच्या यशोदेकडे पाहावे. झुंज पाण्यात आहे खरी, पण भक्ती काठावर आहे.

पुढचा भाग थोडक्यात. पैशाच्या आणि कारभाराच्या वादात कंपनी सोडून ते काशीस गेले, तेथे ‘रंगभूमि’ नावाचे नाटक लिहिले, पुन्हा १९२२ च्या सुमारास नाशिकास परतले. एकूण सुमारे ९५ कथाचित्रे आणि कित्येक लहान चित्रे त्यांच्या नावावर सांगतात. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि मुक्या चित्राचा धनी मागे पडला. १९३७ सालचे ‘गंगावतरण’ हे त्यांचे एकमेव बोलके चित्र. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्याने शेवटी गंगा आणली, हा योगही पाहावा. त्यानंतर काम नाही, पैसा नाही. ज्यांची चित्रे पाहायला लोक रांगा लावीत, ते नाशिकात शांतपणे गेले आणि गावाला फारसे कळलेही नाही.

त्यांनी पेरले ते मात्र उगवले. १९३६ साली प्रभात कंपनीचे ‘संत तुकाराम’ आले. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रमहोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि इकडे गावोगावचे लोक पडद्यापुढे हात जोडून बसले. ते आपण सर्वांनी पाहिले आहे; पण किती वेळा? पहिल्या वेळी तुकोबांवरून नजर हलत नाही. दुसऱ्या वेळी जिजाईकडे पाहावे. घरात दाणा नाही, पोरे भुकेली, आणि नवरा देवाच्या नादी. तिच्या कडू बोलण्यात किती खस्ता आहेत ते तेव्हा कळते, आणि संसार टाकून नव्हे तर संसाराच्या चटक्यात उभे राहून हरी आठवायचा, हे त्या चित्राचे मर्म हाती लागते. ज्याला फक्त वैकुंठगमनाचे विमान आठवते, त्याने ते चित्र अर्धेच पाहिले.

आता शेवटची, आणि मनाला लागणारी गोष्ट. दादासाहेबांची बहुतेक चित्रे आज नाहीत. जुनी फीत झटकन पेट घेणारी. काही जळाली, काही कुजून गेली, काही चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथील पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जुन्या फिती मिळविल्या, त्यांत फाळक्यांच्याही. ‘कालियामर्दन’ बरेचसे उरले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे तुकडे उरले आहेत. हरिश्चंद्राची कथा दादासाहेबांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती; उरलेले तुकडे १९१३ चे की १९१७ चे, यावरही जाणकारांचे एकमत नाही. तेव्हा पुन्हा पाहण्याची संधी आपोआप राहते असे नाही. कोणीतरी जपले तर ती राहते. जुन्या वह्यांतली आख्याने अशीच वाळवीच्या तोंडी गेलेली आम्ही पाहिली आहेत.

सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावे मोठा पुरस्कार ठेवला. नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. यात्रेहून परतताना वाट वाकडी करून अवश्य पाहावे. आणि आज तर ‘कालियामर्दन’ घरबसल्या मोबाईलवरही दिसते. मुलानातवंडांना घेऊन एकदा पाहावे, मग आठ दिवसांनी पुन्हा पाहावे, आणि पोरांना विचारावे की या वेळी नवे काय दिसले. दरसाल तीच वाट चालणाऱ्या वारकऱ्याला हे अवघड नाही. वाट तीच असते, आपण मात्र दर खेपेस थोडे निराळे होऊन घरी येतो. दादासाहेबांनी दुसरे तिकीट काढले, ते याच भरवशावर.