अतिशीत जगाचा शोधयात्री : हाइके कामरलिंग ओनेस

पुंज संगणकातील अनेक क्यूबिट ज्या अतिसंवाहकतेवर चालतात, तिचा शोध १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात लागला. या शोधाचे श्रेय हाइके कामरलिंग ओनेस यांना दिले जाते.

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी ग्रोनिंगेन इथे झाला. हायडेलबर्ग इथे बुन्सेन आणि किरखोफ यांच्याकडे शिक्षण घेऊन १८७९ मध्ये त्यांनी ग्रोनिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये ते लायडनला प्राध्यापक झाले. अचूक मोजमाप हाच ज्ञानाचा मार्ग, अशी त्यांची धारणा होती. कुशल कारागीर घडावेत, यासाठी त्यांनी उपकरणनिर्मितीची शाळाही सुरू केली.

ही वाटचाल सोपी नव्हती. १८०७ मध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट अनुभवलेल्या लायडनमध्ये उच्च दाबाच्या वायूंविषयी धास्ती होती. त्यामुळे १८९५ ते १८९८ या काळात त्यांचे काम रखडले. अखेर १० जुलै १९०८ रोजी, पहाटे सुरू झालेल्या प्रयोगात रात्री सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रवरूप हेलियम हाती आले. उणे २६९ अंश सेल्सियस हे तापमान त्यामुळे आवाक्यात आले.

इतक्या थंडीत धातूंचा विद्युत रोध घटतो, वाढतो की स्थिरावतो, यावर मतभेद होते. सोने आणि प्लॅटिनममधील अशुद्धी अडथळा ठरत होती. ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येणारा पारा म्हणूनच निवडण्यात आला. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसा झाल्याचे आढळले. ही मोजणी गिलेस होल्स्ट यांनी केली होती. मात्र शोधनिबंध एकट्या ओनेस यांच्या नावे प्रसिद्ध झाले. होल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

ओनेस यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अतिसंवाहक तारांपासून शक्तिशाली चुंबक बनवण्याचे त्यांचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. चुंबकीय क्षेत्र वाढताच ही अवस्था नष्ट होत असे. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज अतिसंवाहक क्यूबिटमध्ये प्रामुख्याने अ‍ॅल्युमिनियम वापरले जाते. परिसरातील सूक्ष्म विद्युत आणि चुंबकीय गोंगाटाने त्यांतील माहिती पुसली जाते. १९८६ मध्ये सापडलेल्या ताम्र-ऑक्साइडांसारख्या अपारंपरिक अतिसंवाहकांतून गोंगाटाला दाद न देणारे क्यूबिट घडवता येतील का, याचा शोध संशोधक घेत आहेत.