दादासाहेब मावळणकर : हिशेब विचारणाऱ्या लोकसभेचे शिल्पकार

स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर ह्यांचे नाव आज दिल्लीकर मराठी माणसाला परिचित असते, ते बहुधा तेथील मावळणकर सभागृहामुळे. आपल्यापैकी काहींनी त्या सभागृहात व्याख्याने ऐकली असतील, नाटकेही पाहिली असतील. परंतु ज्या कार्यामुळे हे नाव त्या वास्तूला मिळाले, त्याची आठवण आता पुसट होत चालली आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब लोकांच्या प्रतिनिधींनी मागावा आणि तो देणे सरकारला भाग पडावे, ही आज स्वाभाविक वाटणारी व्यवस्था आपल्या संसदेत रुजविण्यासाठी ह्या गृहस्थाने दहा वर्षे झीज सोसली. ते जन्माने मराठी, कर्माने अहमदाबादकर आणि अधिकाराने साऱ्या देशाचे होते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे म्हणूनच औचित्याचे ठरेल.

मावळणकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील, संगमेश्वराकडील मावळंगे गावचे. गणेश वासुदेवांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. प्रारंभीचे शिक्षण राजापूर आदी ठिकाणी झाल्यावर १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस आले आणि त्या शहराचेच होऊन राहिले. १९०८ साली गुजरात कॉलेजातून ते बी.ए. झाले, एक वर्ष तेथेच दक्षिणा फेलो होते, आणि मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरात मराठी आणि बाहेर गुजराती, असा दुहेरी संसार त्यांनी जन्मभर केला. तथापि बाहेरच्या जगाला त्यांनी कधी परके मानले नाही. गुजरातनेही त्यांना आपले मानून ‘दादासाहेब’ ही उपाधी बहाल केली.

सार्वजनिक जीवनातील त्यांचा पहिला मोठा धडा आकड्यांचाच होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. पीक चार आण्यांहून कमी आले असेल, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत की पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी दफ्तरातील आणेवारी मात्र त्याहून अधिक भरत होती. मावळणकर तेव्हा गुजरात सभेचे एक चिटणीस होते. सभेने शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली, चौकशीची मागणी केली, आणि अखेर गांधीजींच्या नेतृत्वाखाली तो लढा सत्याग्रहापर्यंत गेला. आणेवारी म्हणजे काय, हे कोकण-देशावरच्या वाचकांना सांगावयास नको. एका कागदावरचा आकडा गावाचे वर्ष तारतो किंवा बुडवितो, आणि तो आकडा कोणी व कसा काढला हे विचारण्याचा अधिकार नसेल तर न्यायाची भाषा व्यर्थ ठरते, हे तरुण वकिलाने तेथे प्रत्यक्ष पाहिले.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. मधला दोन वर्षांचा खंड सोडल्यास १९३७ पर्यंत ते तेथे सभासद होते. १९३० ते १९३३ आणि १९३५-३६ ह्या काळात नगराध्यक्षही होते. मधला खंड पडला तो का, हे समजून घेण्याजोगे आहे. असहकाराच्या चळवळीत, १९२१ साली, वल्लभभाई पटेलांच्या पुढाकाराने नगरपालिकेने आपल्या प्राथमिक शाळांसाठी मिळणारे सरकारी अनुदान नाकारले आणि त्यासोबत येणारी सरकारी तपासणीही नाकारली. सरकारने १९२२ मध्ये नगरपालिकाच बरखास्त केली, आणि शाळांवर झालेला खर्च गैर ठरवून त्याच्या वसुलीसाठी संबंधित सभासदांवर दावा लावला. तो दावा न्यायालयात टिकला नाही. परंतु अनुदानाच्या दोरीने स्थानिक संस्थेला कसे बांधून ठेवता येते, हे सर्वांच्या ध्यानी आले.

गिरण्यांमुळे झपाट्याने वाढणाऱ्या त्या शहराचे प्रश्न ढोबळ घोषणांनी सुटण्यासारखे नव्हते. तटाच्या आतील दाट वस्ती, तटाबाहेर पसरणारे नवे भाग, पाणी, गटारे, रस्ते, शाळा ह्या प्रत्येक गोष्टीला पैसा हवा होता. तो जकातीतून आणि घरपट्टीतून उभा करावयाचा. मोठ्या कामासाठी कर्ज काढावयाचे, तर सरकारची मंजुरी आणावयाची. अशा ठिकाणी अंदाजपत्रक वाचता येणे हीच खरी देशसेवा असते. नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसून सभासदांच्या अडचणीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची जी सवय मावळणकरांना लागली, तीच पुढे दिल्लीत त्यांच्या उपयोगी पडली.

ह्याच वर्षांत तुरुंगवासही घडत राहिला. १९३० च्या सत्याग्रहापासून १९४२ च्या आंदोलनापर्यंत त्यांनी अनेकदा कारावास भोगला. तुरुंगात भेटलेल्या दरोडेखोर व खुनी कैद्यांच्या हकीकती त्यांनी ‘मानवतानां झरणां’ ह्या गुजराती पुस्तकात सांगितल्या आहेत. समोरच्या माणसाचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावाचून निवाडा द्यावयाचा नाही, हा सभापतीच्या अंगी हवा असलेला गुण त्यांच्यात मुळातच होता, ह्याची साक्ष ते पुस्तक देते.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि तेथे त्यांची सभापतिपदी निवड झाली. मराठी, गुजराती व कानडी मुलूख एकत्र असलेल्या त्या प्रांतात हे काम सोपे नव्हते. १९४६ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. त्या वर्षीच्या जानेवारीत दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. सर कावसजी जहांगीर ह्यांच्या विरुद्धची ती लढत अटीतटीची झाली. ६६ विरुद्ध ६३, अशा अवघ्या तीन मतांनी मावळणकर विजयी झाले. स्वातंत्र्यानंतर ते संविधान सभेच्या कायदेमंडळाचे आणि १९५० पासून हंगामी संसदेचे सभापती झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १५ मे १९५२ रोजी, लोकसभेने ३९४ विरुद्ध ५५ मतांनी त्यांना सभापती निवडले. त्यांच्याविरुद्ध उभे होते शंकरराव मोरे. पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदासाठी झालेली ही लढत दोन मराठी माणसांमध्ये झाली, ही नोंद आपणांस गमतीची वाटेल.

परंतु मोठा प्रश्न निवडणुकीचा नव्हताच. परक्या सरकारला जाब विचारण्यात सारे एक होते. आता आपल्याच सरकारला, आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांना जाब कोणी विचारावयाचा? बाके बहुसंख्य सत्ताधारी पक्षाची होती, पंतप्रधान नेहरूंची लोकप्रियता अफाट होती, आणि त्याच वेळी सरकारचा खर्च पूर्वी कधी नव्हता इतका वाढणार होता. १५ मार्च १९५० रोजी सरकारने एका ठरावान्वये नियोजन आयोग स्थापन केला. त्याच्यामागे संसदेचा स्वतंत्र कायदा नव्हता. खुद्द अर्थमंत्री जॉन मथाई ह्यांना हा आयोग मंत्रिमंडळाला समांतर होईल असे वाटले, आणि मतभेदांपायी त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला.

ह्या पार्श्वभूमीवर १० एप्रिल १९५० रोजी २५ सभासदांची अंदाज समिती अस्तित्वात आली. तिची सूचना मथाई ह्यांनीच अर्थमंत्री असताना केली होती, आणि मावळणकरांनी ती मनापासून उचलून धरली. समितीत मंत्र्यांना स्थान नव्हते. अंदाजपत्रकावरील चर्चा थोड्या दिवसांत आटोपते, कित्येक मागण्या चर्चेवाचूनच मंजूर होतात. म्हणून सभासदांच्या ह्या लहान मंडळाने वर्षभर निरनिराळ्या खात्यांचे अंदाज तपासावेत, सचिवांना समोर बोलावून विचारावे, काटकसर आणि कार्यक्षमता ह्यांविषयी अहवाल द्यावेत, अशी ही योजना होती. समितीच्या खोलीत पक्षाची बाके नसतात. तेथे सत्ताधारी पक्षाचा सभासदही मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतो. मावळणकरांनी ह्या समित्यांना जे महत्त्व दिले, ते ह्याच कारणाने.

समितीला एक मर्यादा होती. संसदेने मान्य केलेल्या धोरणाच्या चौकटीतच तिने सूचना करावयाच्या होत्या. पण धोरणच खर्चिक आणि निष्फळ ठरत असेल तर काय करावे? हा वाद त्या काळी बराच रंगला. पुढे नियमांत, कारभारात कार्यक्षमता व काटकसर यावी म्हणून पर्यायी धोरणे सुचविण्याचा अधिकार समितीला मिळाला. शब्द थोडेच होते, पण त्यांनी समितीला हिशेबनिसाच्या जागेवरून सल्लागाराच्या जागेवर नेले.

लोकलेखा समितीची कथाही अशीच आहे. ब्रिटिश अमदानीत ह्या समितीचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडे असे. म्हणजे ज्याचा खर्च तपासावयाचा तोच तपासनीस! १९५० पासून ही समिती सभापतींच्या अखत्यारीत आली. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि विसरतात. तेव्हा त्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी, आणि कायद्याच्या आधारे खाती जे नियम करतात ते तपासण्यासाठी, १९५३ साली दोन स्वतंत्र समित्या नेमल्या गेल्या. संसद भरण्याच्या आगेमागे वटहुकूम काढण्याची सरकारची सवय मावळणकरांना मान्य नव्हती. त्यांनी १९५० आणि १९५४ मध्ये नेहरूंना पत्रे लिहून, हा मार्ग लोकशाहीच्या प्रकृतीला मानवणारा नाही आणि खऱ्या निकडीवाचून त्याचा अवलंब होऊ नये, असे स्पष्ट कळविले. ज्यांच्याशी जन्माचा स्नेह आणि पक्षाचे नाते, त्यांनाच असे लिहिण्यास वेगळे धैर्य लागते.

ह्याचा अर्थ विरोधी पक्ष त्यांच्यावर संतुष्ट होता असे मात्र नाही. तहकुबी सूचना हे परकीय राजवटीतील शस्त्र होते, जबाबदार सरकार असताना ते क्वचितच वापरावे, असे त्यांचे मत होते, आणि त्यानुसार ते अनेक सूचना नाकारीत. विरोधी पक्षाला अधिकृत मान्यता देण्यासाठी सभागृहाच्या एकदशांश संख्याबळाची त्यांची अटही अनेकांना जाचक वाटली. सभापती झाल्यावर त्यांनी पक्षाचा राजीनामा दिला नाही, हा आणखी एक आक्षेप. अखेर १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. संविधानाप्रमाणे त्या वेळी ते अध्यक्षस्थानी बसले नाहीत. ठराव फेटाळला गेला. पण जाब विचारण्याची रीत घालून देणाऱ्या सभापतीलाही त्या रीतीतून जावे लागले, ह्यातच त्या सभागृहाचे आरोग्य दिसते.

डिसेंबर १९५२ मध्ये २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना संसदेपुढे आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले होते. पैसा दिल्लीहून निघे आणि अधिकाऱ्यांच्या हातून गावात पोचे. गावाच्या प्रतिनिधींना त्यात विचारतो कोण? ह्या कामाची पाहणी करण्यासाठी १९५७ साली जे मंडळ नेमले गेले, त्याचे प्रमुख बळवंतराय मेहता हे अंदाज समितीचे अध्यक्षपद भूषविलेले होते. अधिकार आणि पैसा दोन्ही निवडलेल्या स्थानिक संस्थांकडे सोपवा, असा त्यांच्या मंडळाचा निष्कर्ष निघाला. पंचायत राज्याची त्रिस्तरीय रचना त्यातून आली, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९५८ मध्ये अंदाज समितीने खुद्द नियोजन आयोगाच्या रचनेचीच छाननी करून, मंत्र्यांनी त्याचे सभासद असावे काय, हा प्रश्न उपस्थित केला.

हे सारे पाहावयास मावळणकर राहिले नाहीत. १९५६ च्या आरंभी हृदयविकाराने त्यांना गाठले आणि २७ फेब्रुवारी रोजी अहमदाबादेस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून आल्या.

नंतरच्या काळात पुष्कळ बदलले. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. त्याच वर्षी अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना व नगरपालिकांना संविधानात स्थान दिले आणि त्यांच्या वाट्याचा विचार करण्यासाठी राज्य वित्त आयोगांची तरतूद केली. २०१५ मध्ये नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. तरीही नगरपालिकेने अनुदानासाठी हात पसरावयाचा आणि त्यासोबत मान तुकवावयाची, हे दुखणे अनेक शहरांत संपलेले नाही. मागण्या आजही चर्चेवाचून मंजूर होतात. समिती नेमून भागत नाही. प्रश्न विचारणारा सभासद अभ्यासू असावा लागतो, आणि त्याला निवडून देणारा नागरिक जागा असावा लागतो.

येथेच दादासाहेबांचे चरित्र आपल्या दाराशी येऊन पोचते. परगावी राहणारी मराठी कुटुंबे आपले गणेशोत्सव, नाटके, शाळा आस्थेने सांभाळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या शहराचे पाणी आपण पितो, तेथील नगरपालिकेचे अंदाजपत्रक आपल्यापैकी किती जण वाचतात? कोकणातील घराण्याचा हा मुलगा अहमदाबादच्या रस्त्यांचा आणि गटारांचा हिशेब मन लावून पाहत राहिला, आणि म्हणून देशाचा हिशेब विचारणाऱ्या सभागृहाची घडी बसविण्याचे काम त्याच्याकडे चालत आले. मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदाराला प्रश्न विचारणारा सभासद आपल्याला कधीकधी कटकटीचा वाटतो. दादासाहेबांनी त्याला आधी बोलू दिले असते.