क्वर्टीपुढे हरलेल्या प्राध्यापकाने एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी काय करून ठेवलंय?

विंडोजमध्ये इंग्लिश कीबोर्डची यादी उघडली की त्यात 'ड्वोरॅक' असं नाव दिसतं. सोबत आणखी दोन पर्याय असतात, डाव्या हाताचा ड्वोरॅक आणि उजव्या हाताचा ड्वोरॅक. आपण कंपनीचं नाव असेल म्हणून पुढे जातो. पण हा माणूस होता. ऑगस्ट ड्वोरॅक.

जन्म १८९४, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. तिथे एक विद्यार्थिनी टायपिंगमधल्या चुकांवर प्रबंध लिहीत होती आणि हे तिचे मार्गदर्शक. चुका बघता बघता त्यांना वाटलं, दोष टायपिस्टच्या बोटांचा नाही, कीबोर्डचा आहे.

कारण क्वर्टीमध्ये सतत लागणारी बरीच अक्षरं मधल्या ओळीत नाहीतच. बोटं दिवसभर वर-खाली पळतात. मग मेहुणे विल्यम डीली यांच्यासोबत त्यांनी नवी मांडणी केली. मधल्या ओळीत डाव्या हाताखाली सगळे स्वर, उजव्या हाताखाली जास्त लागणारी व्यंजनं. (आपल्या इनस्क्रिप्टमध्येही स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडेच!) १९३६ मध्ये पेटंट मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, मग हा कीबोर्ड चालला का नाही?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या चाचणीचे निकाल चांगले आले, पण ड्वोरॅक स्वतः नौदलात अधिकारी होते, त्यामुळे त्या निकालांवर पुढे शंका घेतल्या गेल्या. १९५६ मध्ये सरकारी चाचणीचा निष्कर्ष उलटा आला. शिकलेल्या टायपिस्टना नव्याने शिकवण्याचा खर्च परवडणारा नाही. विषय संपला.

ड्वोरॅक मात्र थांबले नाहीत. १९६० च्या दशकात त्यांनी एकच हात वापरू शकणाऱ्यांसाठी दोन मांडण्या तयार केल्या. हात कीबोर्डच्या मधोमध ठेवायचा आणि जास्त लागणारी अक्षरं त्याच्या बोटांखाली. म्हणजे हात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवावा लागत नाही. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हेच. दोन हातांच्या माणसाचं क्वर्टीवर भागतं, एका हाताच्या माणसाला तो दमवतो.

१९७५ मध्ये ते गेले. तोवर जग क्वर्टीवरच होतं.

तुमच्या घरी कुणाचा एक हात चालत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जा. इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि अॅड अ कीबोर्डमधून त्या हाताचा ड्वोरॅक निवडा. बटणांवर छापलेली अक्षरं तीच राहणार, त्यामुळे सुरुवातीला स्टिकर लावलेले बरे.

सोबत स्टिकी कीजही सुरू करा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारी आणि आपण वैतागून बंद करतो ती खिडकी याचीच. त्याने कंट्रोल, अल्ट, डिलीट एकदम न दाबता एकेक करून दाबता येतात.