सायकल दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिली वाडी

ठाणे : पहाटे साडेपाचला नळाला पाणी आले नाही की सोसायटीत सर्वांत आधी पंपखोलीकडे धाव घेतली जाते. ठाण्याचा नौपाडा असो, कल्याणचा जुना भाग असो किंवा डोंबिवलीतील एखादी चार मजली इमारत असो, चित्र सारखेच असते. पायजमा दुमडून, हातात बॅटरी आणि पान्हा घेऊन कोणीतरी हौशी काका खाली उतरतात. वॉशर बदलतात, ग्रंथी आवळतात, नळीत पाणी ओतून हवा काढतात आणि पंप घरघरू लागला की वर खिडक्यांतून सुटकेचे सुस्कारे ऐकू येतात. हेच काका रविवारी इमारतीखाली जुन्या स्कूटरचा प्लग काढून घासताना किंवा गाडीचे चाक उतरवून ब्रेक पाहताना दिसतात. पदवी असो वा नसो, यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

अनेक पंपखोल्यांतील त्या लोखंडी कवचावर एक आडनाव ओतलेले असते, किर्लोस्कर. रोज नजरेसमोर असलेल्या या नावामागचा माणूसही मुळात असाच हौशी होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. इंजिनीअरिंगची पदवी त्याच्याजवळ नव्हती आणि घराण्यात कारखानदारीचा गंधही नव्हता. यंत्र उघडून पाहण्याची ओढ, खराब झालेली वस्तू नीट करण्याचा ध्यास आणि हात काळे करून घेण्याची तयारी एवढ्याच भांडवलावर लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांनी महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा पाया घातला.

रंगांनी दिलेला नकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. विद्याव्यासंगाच्या त्या घरात मुलाने चांगले शिकून प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय पुस्तकांत रमत नव्हते. त्यांना दोनच गोष्टींची आवड होती, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे. घरच्या परंपरेला सोडून त्यांनी १८८५ मध्ये मुंबईची वाट धरली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. वडिलांना हा मार्ग पसंत नव्हता. त्या वेळी थोरले बंधू रामुअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पैशाची तजवीज त्यांनी केली. दोघा भावांची ही जोडी पुढे आयुष्यभर टिकली.

मुंबईत मात्र नियतीने वेगळाच डाव मांडला. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? ज्यासाठी घरचा विरोध पत्करला, तेच दार बंद झाले होते. परंतु त्यांनी हाय खाल्ली नाही. रंग साथ देत नसले तरी रेषा देत होती. यांत्रिक रेखाटनात रंगाला स्थान नसते. तेथे लागतात ती अचूक मापे आणि स्वच्छ नजर. त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनावर सारे लक्ष केंद्रित केले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम मिळाले.

शिकवण्याचे तास संपले की हा तरुण शिक्षक घरी न जाता संस्थेच्या कार्यशाळेत शिरत असे. लेथ कशी चालते, भट्टी कशी पेटवतात, लोखंड कसे घडवतात, हे त्यांनी तेथेच हाताने करून पाहिले. वर्गात ते शिक्षक होते, कार्यशाळेत विद्यार्थी. परदेशी नियतकालिकांतील यंत्रांची माहितीही ते वाचत. या दुहेरी शिक्षणाची पदवी कोणी देणार नव्हते. तिचा उपयोग मात्र पुढे जन्मभर झाला.

दोन चाकांवरचा धंदा

त्या काळी जगात सायकलचे युग नुकतेच अवतरत होते. दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सुरक्षित सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुंबईच्या रस्त्यावर धावणारी सायकल लक्ष्मणरावांच्या नजरेत भरली. इतरांना त्यात साहेबाची ऐट दिसत होती, लक्ष्मणरावांना त्यात यंत्र दिसले आणि धंदाही. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे छोटे दुकान थाटले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्यांची विक्री पाहत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे, म्हणजे सामान्य कारकुनाच्या वर्षभराच्या पगाराहूनही अधिक. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात.

या दुकानाने विक्रीबरोबरच दुरुस्तीचा धडा दिला. इतकी महाग वस्तू बिघडली तर ती साता समुद्रापार पाठवता येत नव्हती. सुटा भाग मिळाला नाही तर तो गावातच घडवावा लागे. परक्या देशात बनलेले यंत्र उघडून, समजून घेऊन, पुन्हा चालते करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जे दुरुस्त करता येते ते बनवताही येते, हा विश्वास याच खटपटीतून आला असावा.

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांच्या वाट्याला दुसरा आघात आला. संस्थेत बढतीची संधी आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. पगारातील फरकापेक्षा अन्यायाचा सल मोठा होता. परक्यांच्या राज्यात गुणापेक्षा कातडीचा रंग पाहिला जातो, याचा प्रत्यय त्यांना आला. आधी रंगांनी चित्रकला हिरावली होती, आता आणखी एका रंगाने नोकरीतील उत्कर्ष. सुरक्षित नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला परतले. घरसंसार असलेल्या माणसाने असा निर्णय घेणे त्या काळी वेडेपणाचेच मानले जाई.

लोखंडाने जमीन नासते

बेळगावात सायकल दुरुस्तीला जोडून छोटीशी कार्यशाळा उभी राहिली. भोवतालचा समाज शेतीवर जगणारा असल्याने त्याला लागणारी यंत्रे बनवावीत, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. पहिले यंत्र होते कडबा कापण्याचे. फिरत्या चाकाला बसवलेल्या पात्यांनी कडब्याचे बारीक तुकडे होत. त्यामुळे जनावरे वैरण तुडवून वाया घालवीत नसत. त्यामागोमाग आला लोखंडी नांगर.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरी, पण ती उलथवीत नसे. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीचे ढेकूळ उचलून पालथे घालतो. खालची माती वर येते आणि हरळीसारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडतात. फाळ झिजला तर सगळा नांगर न टाकता तेवढाच भाग बदलता येतो. एवढे सारे फायदे असूनही शेतकरी नांगराला हात लावायला तयार नव्हते. लोखंड विषारी असते, त्याच्या स्पर्शाने जमीन नासते आणि पीक येत नाही, असा समज खोलवर रुजला होता. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. तोवर तयार नांगर दुकानात पडून होते आणि त्यांत पैसा अडकला होता.

तथापि, या शेतकऱ्यांना केवळ अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. एक हंगाम फसला तर वर्षभराची भाकरी जाणार, अशी ज्याची स्थिती असते तो नव्या अवजाराकडे संशयानेच पाहतो. शेजारच्या शिवारात उत्तम नांगरट झालेली पाहिल्यावर हळूहळू लोकांचे मन वळले आणि मागणी येऊ लागली.

धंद्याला कोठे बरे दिवस येत असतानाच नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे बेळगावातील जागेवर पाणी सोडण्याची वेळ आली. कारखाना उठवून न्यायचा कोठे, हा प्रश्न उभा राहिला. वयाची चाळिशी उलटलेली, पदरी कुटुंब आणि भरवशावर असलेले कामगार, अशा स्थितीत सारे पुन्हा शून्यातून सुरू करायचे होते.

निवडुंगाच्या माळावर

या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांनी घेतले होते आणि त्यांच्या कर्तबगारीची राजेसाहेबांना पारख झाली होती. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी बुजबुजलेला, पाण्याचे दुर्भिक्ष असलेला ओसाड माळ होता. १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर घेऊन या माळावर पाऊल ठेवले. निवडुंग तोडला गेला, झोपड्या पडल्या, भट्टी पेटली आणि किर्लोस्करवाडी जन्माला आली.

माणसे निवडतानाही लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांकडे पाहिले नाही. शंभोराव जांभेकर यांनी यंत्रे आणि व्यवस्थापन सांभाळले. मंगेशराव रेगे हिशेबाला बसले. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. वसाहतीची आखणी रामुअण्णांनी पाहिली. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या आणि गावाने दूर लोटलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रखवालीची जबाबदारी टाकली. त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. शतकापूर्वीच्या ग्रामीण महाराष्ट्रात हे धारिष्ट नांगर विकण्याहून कठीण होते.

तोफांचे झाले नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आयात आटली आणि वाडीच्या मालाला मागणी वाढली. पण त्याच वेळी लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई निर्माण झाली. मोठमोठ्या कारखान्यांनी हात टेकले असते अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात घडलेली वृत्ती कामी आली. जे हाताशी आहे त्यातून काम निभावायचे, हा कोणत्याही मेकॅनिकचा धर्म असतो. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवली गेली, रंगांना पर्याय शोधले गेले. लोखंडासाठी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा देऊ केल्या. एकेकाळी रणात धडाडलेल्या तोफा वितळल्या आणि त्यांतून शेतकऱ्यांचे नांगर झाले.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादने वाडीतून बाहेर पडू लागली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके मराठी घराघरांत पोचली. अमेरिकेतील एमआयटीतून यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पित्याच्या कामाला नवी दिशा दिली. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले. ज्याच्याकडे पदवी नव्हती त्या पित्याने मुलाला जगातील उत्तम शिक्षणसंस्थेत पाठवले, ही बाब लक्षणीय आहे. पुस्तकी विद्येचा त्यांना तिटकारा नव्हता. हाताला न लागणारी विद्या त्यांना अपुरी वाटत होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

लक्ष्मणरावांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कामाचा प्रारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाला. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत आली. या पट्ट्यातील अनेक लघुउद्योगांची सुरुवात एखाद्या जुन्या लेथवर, भाड्याच्या गाळ्यात झाली. यांतील काही गाळे बंद पडले, काहींच्या जागी उंच इमारती आल्या. गाड्यांची इंजिनेही बदलली. बिघाड शोधायला संगणक लागू लागला आणि घरची वस्तू बिघडली की दुरुस्त करण्याऐवजी टाकून देण्याकडे कल वाढला. अशा वेळी गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेला पोरगा किंवा पंपखोलीत पान्हा घेऊन उतरलेले काका क्षुल्लक वाटण्याचा संभव असतो. बेळगावच्या त्या सायकल दुकानातील काळ्या हातांकडेही त्या काळी कित्येकांनी असेच पाहिले असेल. त्याच हातांनी पुढे माळावर वाडी उभी केली.