मातोश्री सुझान्ना वेस्ली

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि स्तोत्रकार चार्ल्स वेस्ली ही नावे आपल्या ख्रिस्ती घरांतून परिचयाची आहेत. त्यांच्या मातोश्रींचे नाव मात्र मातृदिनाच्या उपासनेत एकदा निघते व पुन्हा वर्षभर कोणास आठवत नाही. त्यांच्या घरात जरा डोकावून पाहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

सुझान्नाबाईंचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन शहरी झाला. वडील डॉ. सॅम्युएल ॲनस्ली हे राजमान्य चर्चपासून अलग झालेल्या पंथाचे नामांकित पाळक. त्यांचे हे पंचविसावे अपत्य. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास या मुलीने स्वतः विचार करून वडिलांचा पंथ सोडला व ती इंग्लंडच्या चर्चमध्ये गेली. १६८८ साली सॅम्युएल वेस्ली या तरुण पदवीधराशी तिचा विवाह झाला. पुढे ते पाळक झाले व १६९७ पासून लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या दलदलीच्या मुलखातील गावी हे कुटुंब स्थायिक झाले. एकूण एकोणीस मुले झाली. त्यांतील नऊ तान्हेपणीच गेली.

संसार ओढगस्तीचा होता. पतिराज विद्वान, काव्याचे नादी. पण पैशाचा हिशेब त्यांना कधी साधला नाही. १७०५ साली तीस पौंडांहूनही कमी कर्जासाठी त्यांना लिंकनच्या किल्ल्यात तुरुंगवास घडला. तेव्हा बाईंनी जवळच्या अंगठ्या त्यांच्याकडे पाठवून दिल्या. त्यांनी त्या परत केल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दोघेही मानी. राजा विल्यम हा खरा राजा नव्हे असे बाईंचे मत असल्याने कुटुंबप्रार्थनेत त्याच्यासाठी केलेल्या विनंतीला त्या आमेन म्हणत नसत. हे ध्यानी येताच सॅम्युएलसाहेब रागावून लंडनला निघून गेले आणि काही महिने घर तुटल्यासारखे झाले. १७०२ साली राजा वारला, राणी ॲन गादीवर आली, ते घरी परतले. जॉनचा जन्म त्यानंतरचा, जून १७०३ मधला.

अशा घरात त्यांनी शाळा चालविली. मुलाला पाच वर्षे पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी त्याचा अभ्यास सुरू होई. एका दिवसात मुळाक्षरे यावीत अशी अपेक्षा असे. दोघी मुलींना दीड दिवस लागला, एवढाच काय तो अपवाद! मग लगेच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचावयास घेत. सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच अशी शाळेची वेळ. बोलता येऊ लागताच मूल प्रभूची प्रार्थना शिके. मुलींना नीट वाचता आल्याशिवाय शिवणकामास बसवावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. त्या काळी हा नियम करणारी आई विरळाच.

शिस्त कडक होती. वर्षाच्या आत मुलाला छडीचे भय कळावे व रडायचे ते हळू रडावे, असे त्यांचे म्हणणे. मुलाची इच्छाशक्ती प्रथम मोडावी, मगच त्यात धर्म रुजतो, ही त्यांची धारणा. आजच्या आईस हे पटणार नाही. मलाही पटत नाही. परंतु त्याच नियमांत दुसरेही काही आहे. चूक कबूल करणाऱ्यास मार नाही. एकदा शिक्षा झालेली चूक पुन्हा उगाळावयाची नाही. एका भावंडाची टाचणीसुद्धा दुसऱ्याने विचारल्याविना घ्यावयाची नाही. हे सारे त्यांनी १७३२ साली जॉनच्या आग्रहावरून पत्रात लिहून दिले, म्हणून आज आपल्याला कळते.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून गावकऱ्यांनी त्यास खिडकीतून काढले. घर बांधून होईपर्यंत मुले इतरांच्या घरी राहिली व परतली ती लागलेले वळण विसरून. बाईंना सारे पहिल्यापासून आरंभावे लागले.

यानंतर एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले. आपल्या हिंदुस्थानातील तरंगंबाडी येथे १७०६ साली आलेल्या झीगेनबाल्ग आदी मिशनऱ्यांची ती हकिकत होती. ती वाचून त्यांना वाटले, आपण तिकडे जाऊ शकत नाही, पण आपली मुले तरी आपल्या हातची आहेत. तेव्हापासून रोज रात्री एका मुलास एकटे घेऊन बसण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, गुरुवारी जॉन, शनिवारी चार्ल्स, असे वार ठरलेले होते. जॉन ऑक्सफर्डला अध्यापक झाल्यावरही त्यांना तो गुरुवार आठवे. त्यांनी तो पत्रातून मागून घेतला. इतक्या मुलांच्या घरात आई आपल्या एकट्याच्या वाट्याला येणे म्हणजे काय, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्या भगिनींना सांगावयास नको.

१७११-१२ च्या हिवाळ्यात पती लंडनला असता त्या रविवारी संध्याकाळी मुलांना व नोकरांना जमवून प्रार्थना व प्रवचनवाचन करू लागल्या. नोकर पोराने आईबापांना सांगितले, ते आले, शेजारी आले, आणि पाहता पाहता संख्या दोनशेवर गेली. सहायक पाळकाने तक्रार केली. पतीचे पत्र आले की स्त्रीने हे करणे शोभत नाही. बाईंनी उत्तर धाडले, तुमच्या अनुपस्थितीत या घरच्या आत्म्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. बंद करावयाचे तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम करा, म्हणजे न्यायाच्या दिवशी त्याचा दोष मजवर राहणार नाही. तसा हुकूम आला नाही.

मुलांचे नाव झाले, मुलींचे काय? एवढे शिकून त्यांना जावयास वाट नव्हती. हेटी कवयित्री होती. १७२५ साली ती एकाबरोबर पळून गेली, फसली, परत आली. वडिलांनी तिचे लग्न एका शिशाचे नळकाम करणाऱ्या गृहस्थाशी लावून दिले. तो संसार दुःखाचा झाला, तिची बाळे गेली. वडिलांनी तिला मनापासून क्षमा केली नाही, आणि आईनेही लवकर जवळ केले नाही. १७२६ साली जॉनने बहिणीसाठी दयेवर प्रवचन केले, तेव्हा वडील त्याच्यावरही रुसले. मार्थाचा पतीही वाईट निघाला. या मुलींच्या हकिकती चरित्रांतून बहुधा दोन ओळींत आटोपतात. तसे करणे मला बरे वाटत नाही.

१७३५ साली पती वारले. अखेरची वर्षे बाईंनी लंडनमध्ये जॉनच्या फाउंडरी या प्रार्थनास्थळी काढली. मॅक्सफील्ड नावाचा अदीक्षित तरुण उपदेश करतो म्हणून जॉन चिडून आले, तेव्हा आधी त्याचे ऐका व फळ पाहा, असे आईने सांगितले. जॉननी ऐकले आणि विरोध सोडला. १७३९ साली प्रभुभोजनाचा प्याला घेताना बाईंना पापक्षमेची निश्चिती झाली. त्यावरून पुढे चार्ल्सने त्यांच्या थडग्यासाठी ओळी रचल्या व आईची आधीची सत्तर वर्षे नियमशास्त्राच्या रात्रीत गेली असे त्यांत सुचविले. ज्या रात्रीत आपण प्रार्थना शिकलो, तिला त्याने असे म्हणावे हे विलक्षणच.

२३ जुलै १७४२ रोजी सुझान्नाबाई निवर्तल्या. आपला प्राण सुटताच स्तुतिस्तोत्र गावे, असे त्यांनी मुलांना सांगून ठेवले होते. जॉन व मुली बिछान्याभोवती उभे होते. त्यांनी ते गायिले. चार्ल्स त्या दिवशी लंडनमध्ये नव्हते. बनहिल फील्ड्स येथील दफनभूमीत, मोठ्या जनसमुदायापुढे, जॉननी आईचा अंत्यविधी केला.